विद्वानाचा दिवस कोणाचा?

मनुष्य जन्माला येतो तो तीन ऋणे घेऊनच, असे आपल्या धर्मविचारात फार पूर्वीपासून सांगितले आहे. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे संततीने आणि ऋषींचे अध्ययनाने. पहिल्या दोन ऋणांचा हिशेब समजावयास सोपा आहे. तिसऱ्याचा तसा नाही. ऋषींकडून आलेली विद्या अभ्यासावी आणि पुढच्याच्या हाती द्यावी, एवढे कोणीही मान्य करील. परंतु हा पुढचा कोण? ज्याने बारा वर्षे गुरुगृही काढली तो शिष्य, की वाटेने जाणारा कोणीही? देवळाच्या सभामंडपात टेकलेली आजीबाई, शाळा सुटल्यावर दप्तर भिरकावणारा पोर, आमच्या सुरतेत उधना-लिंबायतीकडे लूमवर रात्रपाळी करणारा खानदेशी कामगार, ह्यांचाही त्या ऋणात वाटा आहे काय? आणि असलाच, तर विद्वानाच्या दिवसातले किती तास त्यांच्या नावे लिहावयाचे?

हा प्रश्न केवळ तर्काचा राहिला नाही, कारण तो एका मराठी विद्वानाने प्रत्यक्ष जगून पाहिला. जयंत विष्णु नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या पदव्या आणि पदके रीतीप्रमाणे छापली. त्यांत वावगे काहीच नव्हते. १९३८ साली कोल्हापुरात जन्म. वडील काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या विदुषी. केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिला क्रमांक. फ्रेड हॉईल ह्यांच्यासारखा गुरू. १९६४ साली गुरुशिष्यांनी मिळून मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, आणि लगेच १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. ह्यापुढे कोणी केंब्रिजच्या एखाद्या शांत खोलीत फळ्यासमोर आयुष्य काढले असते तर त्याला दोष देणारा भेटला नसता. नारळीकर १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत आले, १९८८ साली पुण्यात आयुका ह्या संस्थेचे संस्थापक संचालक झाले, आणि ह्या सगळ्या काळात व्याख्याने, लेख, कथा, दूरदर्शनवरील मालिका, मुलांची पत्रे ह्यांना त्यांनी आपल्या दिवसात जागा दिली. ती जागा रिकामी पडलेली नव्हती. ती कशातून तरी काढूनच द्यावी लागली.

ह्या देण्याविरुद्धचा पक्ष आधी प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो हलका नाही. विश्वाच्या उत्पत्तीचा विचार करणे हे फावल्या वेळचे काम नव्हे. एखादे समीकरण मनात धरून ठेवावे लागते, आणि दारावरची एक टकटक ते विखरून टाकते. ज्याची बुद्धी लाखांत एकाला लाभते त्याने दुसरा कोणीही करू शकेल असे काम करणे, हा त्या बुद्धीचा अपव्यय नाही काय? पंडितांच्या समाजाला असा संशय नेहमीच येतो. अमेरिकेत कार्ल सेगन ह्यांनी आकाशाचे ज्ञान घरोघर पोचविले; १९९२ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीत त्यांचे नाव आले तेव्हा सदस्यांनी ते स्वीकारले नाही. लोकांना जो फार आवडतो तो विद्वत्तेत उणा असला पाहिजे, ही समजूत आपल्याकडेही काही कमी नाही. संस्कृत सोडून प्राकृतात बोलणाऱ्याला शास्त्रीमंडळींनी जे ऐकविले, त्याचाच हा नवा अवतार होय.

तरीही ह्या पक्षाला एक गोष्ट दिसत नाही. विद्या एकान्तात पिकते हे खरे, पण ती एकान्तातच साठवून ठेवली तर तिचे काय होते ह्याचा दाखला आमच्या सुरतेच्या इतिहासात आहे. जेरेमाया शेकर्ली नावाचा एक इंग्रज ज्योतिर्विद सतराव्या शतकाच्या मध्यास येथे आला होता. सूर्यबिंबावरून बुध सरकताना प्रथम पाहिला तो गासेंदीने, १६३१ साली पॅरिसमध्ये. शेकर्लीने तेच दृश्य ३ नोव्हेंबर १६५१ रोजी सुरतेहून पाहिले. तापीला सूर्यकन्या म्हणणाऱ्या आणि स्वतःला सूर्यपूर म्हणवून घेणाऱ्या नगरीत सूर्यावरचा तो इवलासा ठिपका पाहिला गेला. हकीकत पत्राने इंग्लंडात गेली. पाहणारा काही वर्षांतच ह्याच देशात वारला. सुरतेच्या वाट्याला त्यातले काय आले? ज्ञान ह्या गावात उगवले आणि गावाला वळसा घालून निघून गेले. शेकर्लीला दोष देण्याचे कारण नाही. परभाषेच्या मुलखात एकट्या माणसाने आणखी काय करावे? पण असे घडले की विद्या आणि लोक एकमेकांशेजारी राहूनही परकेच राहतात, एवढे त्यातून कळते.

उलट दाखलाही ह्याच गावचा आहे, आणि त्यात एक मराठी माणूस आहे. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर येथे शिक्षणखात्याच्या कामावर होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींनी येथे मानवधर्मसभा काढली तिच्यात ते होते. मेहताजी मंत्रतंत्र करणाऱ्यांना चारचौघांसमक्ष आव्हान देत, की तुमची शक्ती दाखवा. घरात बसून त्यांना भोंदू ठरविणे सोपे होते. त्यांनी लोकांसमोर परीक्षा मागितली, म्हणजे निर्णय लोकांच्या डोळ्यांवर सोपविला. ज्ञान देणे आणि ज्ञानाची कसोटी लोकांच्या हाती देणे, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते ऋषिऋणाचा खरा प्रश्न दुसरीशी निगडित आहे, आणि नारळीकरांच्या आयुष्याकडे मी त्याच दृष्टीने पाहतो.

आपण श्रोते म्हणून कसे आहोत, ते स्वतःशी कबूल करावे. आप्तवाक्यावर आपली श्रद्धा असते. मोठा माणूस बोलला की आपण मान डोलावतो, हार घालतो, प्रसाद घेऊन घरी जातो. पूर्वी हा मान पुराणिकबुवांना मिळे. आता तो शास्त्रज्ञालाही मिळतो. तो मिळाला म्हणजे लोक विज्ञाननिष्ठ झाले असे समजणे ही मोठीच फसगत आहे. सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण झालेल्या तरुणाला पाहण्यासाठी १९६५ साली जी गर्दी लोटली, तिच्यातल्या कितीजणांना सिद्धान्त ऐकावयाचा होता आणि कितीजणांना दर्शन घ्यावयाचे होते, ह्याचे उत्तर कोणीही देऊ शकेल. अशा समुदायासमोर वक्त्याची नैतिक जबाबदारी फार वाढते. तो जे सांगेल ते खरे मानले जाणार. मग त्याचे मत त्याच्याच विषयातल्या बहुतेकांना मान्य नसेल तर त्याने काय करावे?

नारळीकरांपुढे हा पेच जन्मभर होता. विश्व एका महास्फोटातून निर्माण झाले, असे आज बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञ मानतात. हॉईल ते मानीत नसत. गंमत अशी की 'बिग बँग' हा शब्दच हॉईल ह्यांनी १९४९ साली रेडिओवरील एका भाषणात वापरला. म्हणजे सिद्धान्ताचे बारसे त्याच्या विरोधकाने केले, आणि तेही सामान्य श्रोत्यांपुढे. १९६५ साली पेन्झियस व विल्सन ह्यांचा शोध प्रसिद्ध झाला: आकाशाच्या सर्व दिशांनी सूक्ष्मतरंगांचे मंद प्रारण येत असते. त्यानंतर स्थिरस्थितीच्या सिद्धान्ताचे पाठीराखे गळत गेले. नारळीकर गळले नाहीत. १९९३ साली हॉईल आणि बर्बिज ह्यांच्यासह त्यांनी अर्धस्थिर विश्वाची सुधारलेली कल्पना पुढे आणली आणि महास्फोटाविषयीचे आपले आक्षेप शेवटपर्यंत सोडले नाहीत. पुढे त्यांचा पक्ष खरा ठरेल असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पुरावा आज तरी दुसऱ्या बाजूला जड आहे. माझ्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्यांच्या रीतीला. सामान्य वाचकासाठी लिहिताना ते महास्फोटाचा सिद्धान्त समजावून सांगत, त्याच्या बाजूचा पुरावा सांगत, मग आपली शंका सांगत. आकाशातून आलेल्या सूक्ष्मजीवांची कल्पना त्यांना आकर्षक वाटे. पण तिच्यावर नुसती भाषणे न करता त्यांनी हैदराबादहून फुगे सोडून सुमारे ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करण्याच्या प्रयोगात भाग घेतला. २००५ सालच्या उड्डाणातून जीवाणूंच्या तीन नव्या जाती हाती लागल्या. त्यांतील एकीला हॉईल ह्यांचे आणि एकीला आर्यभटांचे नाव मिळाले. ते जीव अंतराळातूनच आले, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

श्रद्धाळू श्रोत्याला आपल्या अल्पमताकडे ओढून नेणे त्यांना किती सहज साधले असते! तो मोह टाळणे हे माझ्या मते गणितातल्या पदकाहून अवघड आहे.

ह्याच रीतीचे सर्वांत साधे उदाहरण एका पोस्टकार्डाचे आहे. व्याख्यान संपले की मुले वह्या घेऊन सही मागावयास येत. नारळीकर सांगत, की मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेल. पुष्कळांना हा एका शिस्तप्रिय प्राध्यापकाचा गमतीदार छंद वाटे. मला त्यात फार खोल विचार दिसतो. सही म्हणजे दर्शनाचा प्रसाद. ती मिळाली की संबंध संपला. प्रश्न लिहावयाचा तर मुलाला घरी जावे लागते, आपल्याला काय कळले नाही ते शोधावे लागते, ते दोन ओळींत मांडावे लागते. भक्ताचा जिज्ञासू व्हावा लागतो. आणि संचालकाला, ज्याच्या टेबलावर शासनाचे कागद आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध पडले आहेत, बसून उत्तर लिहावे लागते. एका पत्राला दहा मिनिटे धरली तर शंभर पत्रांना सोळा तासांहून अधिक, म्हणजे संशोधनाचे दोन पुरे दिवस झाले. विद्वानाचा दिवस कोणाचा, ह्या प्रश्नाची इतकी रोखठोक आकडेमोड मला दुसरीकडे आढळली नाही.

त्यांच्या कथांचाही येथेच विचार करतो. १९७४ साली अहमदाबादेस एका परिषदेत कंटाळवाणे भाषण चालू असता त्यांनी समोरच्या कागदावर विज्ञानकथा लिहावयास घेतली, असे त्यांनीच सांगितले आहे. (परिषदांतील कंटाळवाण्या भाषणांचा मराठी साहित्याला झालेला हा बहुधा एकमेव लाभ असावा.) ती 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविताना त्यांनी नारायण विनायक जगताप असे नाव घेतले. स्वतःची आद्याक्षरे उलटी केली, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. पहिले बक्षीस त्या जगतापांना मिळाले. पुढे 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासुर' ही नावे पाहिली म्हणजे आपल्या देवळात वाढलेल्या माणसाला ओळख पटते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लागते. डुलक्या घेणारा श्रोता आख्यानाला सावरून बसतो, आणि न कळत पूर्वरंगही त्याच्या पदरात पडतो. नारळीकरांनी हा साचा जाणून वापरला की काशी-कोल्हापूरच्या संस्कारातून तो आपोआप आला, हे ठरविण्याची गरज नाही.

पण त्या पहिल्या कथेच्या हस्ताक्षरापाशी थोडे थांबले पाहिजे. ते अक्षर मंगला नारळीकरांचे होते. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला गणितात सुवर्णपदक मिळवून त्या टाटा संस्थेत संशोधन करीत होत्या. १९६६ साली विवाह झाला, केंब्रिजला बिऱ्हाड झाले, तीन मुली झाल्या, परत आल्यावर वडीलधारी माणसे घरात होती. त्यांची पीएच.डी. १९८१ साली झाली, लग्नानंतर पंधरा वर्षांनी. पुढे त्यांनी 'गणितगप्पा'सारखी पुस्तके लिहिली, मुलांना गणित सोपे व्हावे म्हणून धडपड केली आणि शालेय पुस्तकांत एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असे म्हणावयास सुचविल्याबद्दल लोकांची थट्टाही सोसली. त्या २०२३ साली गेल्या. ऋषिऋणाची चर्चा करताना आपण हे विसरतो, की विद्वान लोकांना जो वेळ देतो तो केवळ त्याच्या संशोधनातून निघत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी संशोधनातूनही निघतो. यज्ञ यजमानाच्या नावावर लागतो, समिधा वेचणाऱ्याचे नाव संकल्पात येत नाही. मंगलाबाईंनी स्वतः तक्रारीचा सूर लावला नाही म्हणून हा हिशेब आपण मिटवून टाकावा, असे मला वाटत नाही. दिवस कोणाचा, ह्या प्रश्नात हा दुसरा दिवसही मोजावाच लागतो.

आता ज्या बाबतीत ह्या मासिकाच्या वाचकांपैकी काहींचे मन नारळीकरांविषयी खट्टू झाले असेल, तिच्याकडे वळतो. २००१ साली विद्यापीठांतून फलज्योतिष विज्ञान म्हणून शिकविण्याची योजना निघाली तेव्हा त्यांनी तिला उघड विरोध केला. पुढे महाराष्ट्रातील काही सहकाऱ्यांसह, ज्यांत नरेंद्र दाभोलकर होते, त्यांनी एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमविल्या, आणि पत्रिकेवरून मूल कोणत्या गटातले ते ज्योतिष्यांनी सांगावे असे आवाहन केले. २७ जणांनी, प्रत्येकी ४० पत्रिका पाहून, उत्तरे पाठविली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून ५० टक्के येतात. ह्यावर पुष्कळ राग व्यक्त झाला. मला मात्र त्या चाचणीत उपहास दिसला नाही. उपहास करणारा पत्रिका वाटीत बसत नाही. पत्रिका वाटणे म्हणजे प्रतिपक्षाला खरे ठरण्याची संधी देणे होय, आणि वादाचा ह्याहून आदराचा प्रकार आपल्या न्यायशास्त्रालाही माहीत नसेल.

शिवाय देवळाचे आणि ह्या चाचणीचे वैर असण्याचे कारण काय? आपले सण, एकादशी, उत्सव, ग्रहणाचे पर्वकाळ ज्यावर चालतात ते पंचांग गणिताचे आहे. ग्रहण छायेमुळे होते हे आर्यभटांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहिले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावर जो थोर मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात ह्या गणिताची सगळी परंपरा आली आहे. गणित आणि फल ह्यांची गल्लत करण्याचे काम आपण केले, गणकाने नव्हे. देवाच्या पायाशी बसणाऱ्याला मुलाच्या बुद्धीचा निकाल पत्रिकेत शोधण्याची गरज का वाटावी, हा प्रश्न श्रद्धेच्या बाजूनेही विचारता येतो. मतिमंद मुलाच्या आईला 'ग्रहच तसे होते' असे सांगितल्याने कोणत्या देवाची सेवा होते, ते मला कोणी समजावून द्यावे.

सुरतेने स्वतः एक मोठी परीक्षा पाहिली आहे. २२ जुलै २००९ रोजी पहाटे चंद्राची छाया खंभातच्या आखाताकडून भारतभूमीवर आली, आणि तिच्या वाटेत आलेले पहिले मोठे नगर हे सुरत होते. तीच छाया पुढे काही मिनिटांत काशीवरून गेली, जेथे नारळीकरांचे बालपण गेले आणि जेथे त्यांचे मोरूमामा घरातल्या फळ्यावर गणिताचे कोडे लिहून ठेवीत आणि भाचा ते सोडवीपर्यंत पुसू देत नसत. तो दिवस आषाढी अमावास्येचा, दिव्यांच्या अवसेचा. सव्वासहानंतर सुरतेत तीन मिनिटांहून अधिक काळ अंधार झाला. पावसाळी ढगांनी सूर्य झाकला होता, त्यामुळे प्रभामंडळ पाहण्यासाठी लांबून आलेल्यांची निराशा झाली. पण दिवसाची रात्र झालेली सर्वांनीच अनुभवली. कोणी स्नानाला तापीवर गेले, कोणी दारे लावून जप करीत बसले, कोणी गच्चीवर मुलांना घेऊन उभे राहिले. ह्यांत एकाने दुसऱ्याला हसावे असे काही नव्हते. जप करणाऱ्या आजीच्या नातवाने 'आजी, अंधार किती वेळ राहील हे आधीच कसे कळले?' असे विचारले असेल, तर त्याला उत्तर देणारा कोणी घरात होता की नाही, एवढाच मुद्दा आहे.

नारळीकर प्रत्येक घरात असू शकत नव्हते; पोस्टकार्डाच्या दुसऱ्या टोकाला मात्र ते होते. आता ते टोक रिकामे आहे. आयुकात शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने त्यांच्या काळात सुरू झाली. आमच्या गावात महानगरपालिकेचे विज्ञान केंद्र आणि तारांगण आहे. परंतु तिकीट काढून आत जाणारा आणि दारावरून उत्सवाला जाणारा हे दोघे अजून एकमेकांना फारसे भेटत नाहीत. देवळाच्या सभामंडपात कीर्तन होते, प्रवचन होते, आरोग्याची शिबिरेही होतात. तेथे वर्षातून एकदा कोणा गणित जाणणाऱ्याने फळा लावून पंचांगाचे पान समजावून सांगितले तर देव कोपेल, असे वाटत नाही. मुलांना तेथे प्रश्न विचारू द्यावेत, हे मात्र आधी विश्वस्तांनी मान्य केले पाहिजे. व्याख्याता मिळणे त्यामानाने सोपे आहे.

ग्रहणांचे एक चक्र सुमारे १८ वर्षे ११ दिवसांनी फिरून येते. २००९ च्या त्या ग्रहणाचाच वंशज २ ऑगस्ट २०२७ रोजी येत आहे. तो दिवसही आषाढी अमावास्येचाच आहे. ह्या वेळी खग्रास पट्टा आफ्रिका आणि अरबस्तानावरून जाईल. सुरतेला, मुंबईला, गोव्याला दुपार कलताना, ढगांनी वाट दिली तर, सूर्याचा काही भागच झाकलेला दिसेल. घरोघर दिवे घासून मांडलेले असतील. त्या दिवशी मंदिर किती वाजता बंद होणार ह्याची पाटी आपण लावूच. तिच्याशेजारी आणखी एक कागद लावता येईल, आणि तो लिहावयाचा कोणी, हे आताच ठरविता येईल.